तालुक्याला कुंग फूचा क्लास निघाला तर पोरांना टाकायच्या आधी काय काय पाहायचं

मागच्या महिन्यात बहिणीचा फोन आला. "दादा, बसस्टँडच्या मांगं शाओलिन कुंग फूचा क्लास निंगाला, पोट्टी लयच मांगं लागली, टाकू का नको?" मला पटकन हो म्हणता आलं नाही, कारण मी स्वतः आठवी ते बारावी अशी पाच वर्षं अशाच एका क्लासमध्ये काढली आहेत. आमचे सर शनिवार-रविवारी जिल्ह्यावरून मोटरसायकलनं यायचे, शाळेच्या ग्राउंडवर घ्यायचे, माणूस मेहनती होता. ब्राऊन बेल्टच्या परीक्षेचे पैसे बाबांनी तूर विकून भरले होते. नंतर नागपूरला एका स्पर्धेत गेलो, माझा टायगर फॉर्म, म्हणजे ठरलेल्या क्रमानं एकट्यानं करायचे डाव, करून दाखवला, तर तिथल्या एका वयस्कर पंचांनी मला बाजूला घेतलं आणि अगदी मायेनं सांगितलं, "बेटा, हा कराटेचा काता आहे, चिनी नाही. तू चांगला केलास, पण तुला नाव चुकीचं सांगितलंय." त्या दिवशी परत येताना एसटीत मी कोणाशी बोललो नाही.

मग पुढची कित्येक वर्षं मी हेच वाचत बसलो, लोकांना विचारत बसलो. बहिणीला फोनवर जे सांगितलं तेच इथं लिहितोय, आपल्या इकडे आता तालुक्या-तालुक्याला असे क्लास निघतायत आणि आईबाप बिचारे विचारणार कोणाला.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा की विचारण्यात अपमान नाही. आपण कृषी केंद्रात कपाशीची बॅग घेतो तेव्हा टॅग पाहतो, लॉट नंबर पाहतो, पक्कं बिल मागतो, त्यात दुकानदाराला राग येत नाही, आणि ज्याला येतो त्याच्याकडून आपण घेत नाही. क्लासचंही तसंच.

पहिला प्रश्न हा विचारा, "सर, कोणता कुंग फू?" कुंग फू हे कोण्या एका प्रकाराचं नावच नाही. चिनी भाषेत त्याचा अर्थ खूप दिवस कष्ट करून कमावलेलं कसब, मग ते स्वयंपाकातलं असलं तरी चालतं. लढायच्या विद्येला त्यांचा शब्द आहे वुशू. त्याच्यात मग शेकडो घराणी, विंग चुन आहे, हुंग गार आहे, चॉय ली फुट, मँटिस, शिंग यी, ताई ची, आणि शाओलिनच्या नावाखाली येणारे कितीतरी फॉर्म. त्याशिवाय आजचा स्पर्धेचा वुशू वेगळा, त्यात ताओलू म्हणजे फॉर्म करून दाखवायचे आणि सांदा म्हणजे खरी फाईट, ठोसे, लाथा, उचलून आपटणं सगळं. शिकवणाऱ्याला यातलं आपलं काय आहे ते एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. "आम्ही सगळंच शिकवतो" असं उत्तर आलं तर जरा थांबा, एका माणसाच्या आयुष्यात एक घराणं नीट शिकून होत नाही.

दुसरं, पाच मिनिटं ग्राउंडच्या कडेला उभे राहून नुसते कान द्या. पोरं मोजतात कसं ते ऐका. इची, नी, सान, शी असं मोजत असतील तर ते जपानी आहे, म्हणजे मूळ कराटे. हाना, दुल, सेत असं असेल तर कोरियन, म्हणजे तायक्वांदो. चिनी मोजणी ई, आर, सान, स अशी चालते. (सान दोन्हीकडे तीनच आहे, त्याच्यावर जाऊ नका.) सरांना सेन्सेई म्हणत असतील तर जपानी, शिफू किंवा सिफू म्हणत असतील तर चिनी, यातही शिफू उत्तरेकडचा उच्चार आणि सिफू हाँगकाँग-कँटन बाजूचा. नमस्कार कसा करतात पाहा, चिनी पद्धतीत उजव्या मुठीवर डावा पंजा ठेवून छातीसमोर करतात. फॉर्मला काता म्हणत असतील तर प्रश्नच मिटला. आता कराटे वाईट आहे असं मी म्हणतच नाही, कराटे फार चांगलं आहे, कराटे जिथलं त्या ओकिनावा बेटाचे लोक स्वतः मान्य करतात की त्यांच्या कराटेत चीनमधून आलेलं पुष्कळ आहे. पण कराटे शिकवायचं असेल तर बोर्डावर कराटे लिहा ना. पोराला पुढं कुठं काय शिकलो ते सांगायचं असतं, तेव्हा ते माझ्यासारखं उघडं पडतं.

बेल्टचंही सांगतो. रंगीत पट्टे ही मूळ जपानी पद्धत, ज्युदोच्या कानो जिगोरो यांनी काळा पट्टा सुरू केला तो १८८० च्या दशकात. जुन्या चिनी घराण्यांत पट्टे नव्हतेच, गुरूनं शिष्य म्हणून स्वीकारलं की नाही एवढंच होतं. आजकाल बऱ्याच खऱ्या चिनी शाळांनीही सोयीसाठी पट्टे आणले, म्हणून पट्टा दिसला की खोटं असं नाही, पण "ही हजार वर्षांची ब्लॅक बेल्टची परंपरा आहे" असं कोणी म्हटलं तर त्याला इतिहास माहीत नाही एवढं नक्की.

आता मुख्य गोष्ट, जिथं मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगीन. शिकवणाऱ्याचा शिकवणारा कोण? जमीन घेताना आपण नुसता सातबारा पाहून थांबत नाही, मागचे फेरफार काढतो, कोणाकडून कोणाकडे आली, कुठं नाव तुटलं. इथंही फेरफार काढायचा. तुम्ही कोणाकडे शिकलात, कुठं शिकलात, किती वर्षं, आणि ते आज हयात असतील तर त्यांच्याशी फोनवर बोलता येईल का. खरा माणूस हे सांगताना खुलतो, आपल्या उस्तादाबद्दल बोलायला कोणाला आवडत नाही. आखाड्यातल्या कोणत्याही पैलवानाला विचारून पाहा, वस्तादाचं नाव घेताना आधी कानाला हात लावतो. जो माणूस मधली दोन नावं गाळून थेट हजार वर्षांमागं उडी मारतो त्याचा फेरफार तुटलेला आहे.

काही दावे आपल्याला घरबसल्या तपासता येतात. "मी ब्रूस लीच्या हाँगकाँगच्या शाळेत शिकलो" किंवा "माझे गुरू तिथले" असं कोणी म्हटलं तर, ब्रूस लीच्या स्वतःच्या तिन्ही शाळा अमेरिकेत होत्या, सिअ‍ॅटल, ओकलंड आणि लॉस एंजेलिसला. हाँगकाँगमध्ये तो स्वतः शिष्य होता, इप मान यांच्याकडे विंग चुन शिकला. इप मान १९७२ मध्ये गेले आणि ब्रूस ली १९७३ मध्ये, म्हणजे पन्नाशीच्या आतला माणूस त्यांच्याकडे शिकलो म्हणत असेल तर वयाचा हिशोबच जुळत नाही.

"मी शाओलिनला जाऊन आलो" हेही फार ऐकू येतं. शाओलिन मंदिर चीनच्या हनान प्रांतात डंगफंग गावाजवळ सोंगशान डोंगरात आहे, आणि त्या डंगफंगच्या आसपास खासगी शाळा इतक्या आहेत की एकेका मोठ्या शाळेत हजारोंनी पोरं राहतात. तिथं पैसे भरून महिना-दोन महिने कोणीही शिकू शकतो, सर्टिफिकेटही मिळतं. ते शिकणं खोटं नाही, पण ते मंदिराचा शिष्य होणं नाही. म्हणून विचारा, मंदिरात की शाळेत, शाळेचं नाव काय, किती दिवस होतात. भिक्षूचं नाव लावणारा कोणी असेल तर तिथं प्रत्येक पिढीला एक ठरलेलं अक्षर असतं, सगळ्यांचं आडनाव शर आणि मग पिढीचं अक्षर, सू, द, शिंग, योंग, यान, हंग असा क्रम. योंग पिढीच्या गुरूचा शिष्य यान असणार. गुरू यान आणि शिष्य योंग असं कोणी सांगितलं तर उलटी गंगा झाली.

आणि सर्टिफिकेटवर चिनी अक्षरं असतील तर मोबाईलमधलं ट्रान्सलेटचं अ‍ॅप उघडून कॅमेरा त्यावर धरा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. माझं ब्राऊन बेल्टचं सर्टिफिकेट बाबांनी फ्रेम करून भिंतीला लावलं होतं, ड्रॅगन, लाल शिक्का, मधे चार मोठी अक्षरं. एवढ्या वर्षांनी मी त्याच्यावर मोबाईल धरला, तर त्या अक्षरांत ना शाळेचं नाव होतं ना विद्येचं, नवीन वर्षाला दारावर चिकटवतात तशा सुख-समृद्धीच्या शुभेच्छा होत्या. फ्रेम मी काढली नाही, बाबांनी ठोकलेला खिळा आहे तो.

आता गोष्टींबद्दल. प्रत्येक क्लासमध्ये एक गोष्ट सांगतातच, की आपल्या कांचीपुरमचा राजपुत्र बोधिधर्म चीनला गेला आणि त्यानं शाओलिनच्या भिक्षूंना कुंग फू शिकवला, म्हणजे ही विद्या मूळ आपलीच. ऐकायला छाती फुगते, माझीही फुगायची. पण बोधिधर्माबद्दलची सगळ्यात जुनी चिनी नोंद ५४७ च्या सुमाराची आहे, त्यात तो पश्चिमेकडचा, पर्शियाचा भिक्षू म्हटलाय. दक्षिण भारतातला ब्राह्मण ही माहिती सातव्या शतकातल्या नोंदीत येते. मारामारीचा शब्द दोन्हीकडे नाही. त्याच्या नावावर व्यायाम चढला तो १६२४ च्या एका पोथीत, म्हणजे हजार वर्षांनी. हे शोधून काढणारा माणूस चिनीच होता, तांग हाव नावाचा वकील, स्वतः ही विद्या शिकलेला. त्यानं १९३० मध्ये लिहिलं की बोधिधर्मानं शाओलिनची विद्या काढली नाही आणि झांग सानफंग नावाच्या साधूनं ताई ची काढली ही कथाही टिकत नाही. ताई चीचा धागा सापडतो तो हनानमधल्याच चेन घराण्याच्या गावात, सतराव्या शतकातल्या चेन वांगटिंगपर्यंत, आणि तिथून शिकून यांग लूचाननं एकोणिसाव्या शतकात ती बीजिंगला नेली.

दक्षिण शाओलिन जाळलं गेलं, पाच जण वाचले, त्यातल्या एका भिक्षुणीनं विंग चुन काढलं, ही दुसरी कथा. ते मंदिर नक्की कुठं होतं त्यावर फूज्यान प्रांतातली तीन गावं आज आपापला दावा सांगतात, आणि कथेचा उगम त्या काळच्या गुप्त मंडळ्यांच्या शपथेच्या गोष्टींत आहे.

म्हणजे सगळंच खोटं का? नाही हो. शाओलिनमध्येच ७२८ चा शिलालेख आहे, त्यात मंदिराच्या भिक्षूंनी ६२१ च्या लढाईत ली शिमिनला मदत केल्याचं कोरलंय, तो पुढं सम्राट झाला. मंदिर १९२८ मध्ये एका सेनापतीनं जाळलं हेही खरं. आणि आपल्याच मल्लखांबाचं पाहा ना, बाळंभट दादा देवधरांना मारुतीनं दृष्टांत देऊन शिकवला अशी कथा आपण सांगतो, भक्तीनं सांगतो, त्यानं मल्लखांब खोटा होत नाही. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या लोकांनी १९३६ ला बर्लिनला ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय खेळ करून दाखवले ते अंगमेहनतीवर दाखवले. तर क्लासवाल्यांनी गोष्ट गोष्ट म्हणून सांगितली तर ऐका, मुलांना आवडते. तीच गोष्ट फी वाढवायला पुरावा म्हणून वापरली तर उठा. एक सोपी परीक्षा देतो, ताई ची शिकवणाऱ्याला विचारा की हा चोवीस स्टेपचा फॉर्म किती जुना आहे. तो चीनच्या सरकारी क्रीडा समितीनं १९५६ मध्ये बसवला. हे जो सरळ सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

डेमोला भुलू नका हे वेगळं लिहितो कारण आपल्याकडे गणपतीत, यात्रेत, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी हेच दाखवून अ‍ॅडमिशन घेतात. कवेलू फोडताना पाहा, दोन कवेलूंच्या मधे लाकडाचे तुकडे ठेवून फट ठेवलीय का. फट असली की वरचं फुटून खालच्यावर आदळतं, सगळा ढीग एकदम हातानं फोडावा लागत नाही. खिळ्यांच्या पाटावर झोपणं म्हणजे अंगाचं वजन शेकडो खिळ्यांवर वाटलं जातं. गळ्याला भाला लावून वाकवतात त्यात भाल्याची काठी लवचिक असते, जोर ती काठी खाते. हे करायलाही सराव लागतो, आणि पोरांनी घरी अजिबात करू नये, जीव जाईल. पण यातून फाईट येते असं काही नाही. हात न लावता ची नावाच्या शक्तीनं माणूस पाडणारे असतील तर एवढंच म्हणा, सर, तुमच्या शिष्याला नका पाडू, माझ्यासोबत आलेल्या या भावाला पाडा.

चीनमध्ये हे उघड्यावर झालंय. २०१७ मध्ये छंगदूला शू श्याओदोंग नावाच्या एमएमए (ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणारी फाईट) फायटरनं ताई चीचा मास्टर म्हणवणाऱ्या एकाला अर्ध्या मिनिटाच्या आत खाली घातलं, व्हिडिओ सगळ्या जगात फिरला. त्याच्या आधी १९५४ मध्ये मकाऊला ताई चीचे वू गोंगयी आणि व्हाइट क्रेन घराण्याचे चान हाक फू लोकांसमोर लढले, ती लढत बरोबरीत सोडवली, तिचं चित्रीकरण आजही पाहायला मिळतं. नावाजलेली माणसंही खऱ्या फाईटमध्ये कशी धडपडतात ते पोरांना जरूर दाखवा.

म्हणून शेवटी जाऊन बसा क्लासमध्ये, एक पूर्ण तास. पेरणीच्या आधी आपण सोयाबीनची उगवण पाहतो ना, ओल्या गोणपाटावर शंभर दाणे दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाच-सहा दिवसांनी उलगडून मोजायचं, सत्तरच्या वर उगवले तर पेरायचं. बॅगवर काय छापलंय त्याला मग काही अर्थ राहत नाही, दाणा काय सांगतो ते खरं. क्लासमधला दाणा म्हणजे जोडीचा सराव. पाहा, समोरचं पोरगं मनानं पडतंय का. एक जण ठोसा मारून हात तसाच हवेत धरून ठेवतो आणि दुसरा त्याच्यावर चार डाव करतो, एवढंच सगळा तास चाललं असेल तर ती नुरा कुस्ती आहे. सुरुवातीला तसं शिकवावंच लागतं, मी नाही म्हणत नाही, पण सहा महिने झालेल्या पोरांना तरी हातमोजे, दातांचं गार्ड, पॅड लावून एकमेकांवर खरा जोर लावू देतात की नाही? ताई चीतसुद्धा तुई शौ असतं, हाताला हात लावून एकमेकांचा तोल काढायचा, समोरचा विरोध करतो. जुन्या पोरांना बाजूला घेऊन विचारा, तुले कोणी खरंच पकडलं तर काय करशीन? सगळ्यांत पुढचं पोरगं पुस्तकासारखं बोललं आणि अंगानं काही दाखवता आलं नाही तर समजून जा.

आणि क्लासवाला जर म्हणाला की आमच्याकडे फक्त फॉर्म आणि व्यायाम आहे, फाईट नाही, तर तो खरं बोलतोय. सांधे मोकळे होतात, पोरं मोबाईल सोडतात, मा बू म्हणजे घोड्यावर बसल्यासारखं उभं राहून मांड्या भरतात, तेवढ्यासाठी फी द्यावी वाटली तर खुशाल द्या.

पैसे आणि कागदाचं थोडक्यात. महिन्याची फी किती, परीक्षेची फी वेगळी किती, वर्षातून किती परीक्षा, ड्रेस कुठून घ्यायचा, हे पहिल्याच दिवशी वहीत लिहून घ्या. बेल्टच्या सर्टिफिकेटवर पोलीस भरतीत फायदा मिळेल असं कोणी सांगितलं तर ते चूक आहे. महाराष्ट्रात खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे पण ते मान्यताप्राप्त संघटनेच्या ठरावीक पातळीच्या स्पर्धेतल्या कामगिरीवर, आणि त्या प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा खात्याच्या विभागीय उपसंचालकांकडून करून घ्यावी लागते, आपल्याकडे नागपूर आणि अमरावती असे दोन विभाग. म्हणून क्लास ज्या संघटनेचं नाव सांगतो ती मान्य आहे का हे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन विचारा, जिल्हा क्रीडा संकुलातच बहुतेक ऑफिस असतं, चौकशीला पैसे लागत नाहीत. आणि आईबापांना क्लास पाहू देत नाहीत, दार लावून घेतात, तिथं मुलींना काय मुलांनाही पाठवू नका, मग विद्या किती का अस्सल असेना.

तर बहिणीसोबत रविवारी मी गेलो. शिकवणारा पंचविशीतला पोरगा, घाबरला जरा आधी. मी विचारलं, भाऊ कोणता शाओलिन? थोडा थांबला आणि म्हणाला, "काकाजी, मी सांदा शिकलो, सात वर्षं, नागपूरले. शाओलिन लिहिलं तं पोट्टे येतात म्हणून लिहिलं." लगेच त्याच्या सरांचा नंबर दिला, मी तिथूनच फोन लावला, सरांनी पोराला नावानं ओळखलं आणि त्याचा गुडघा आता कसा आहे तेही विचारलं. मग त्यानं दोन मुलींना हेल्मेट-पॅड चढवून तीन मिनिटं फाईट लावली, त्यातल्या छोटीनं मोठीची लाथ पकडून तिला खरोखर मॅटवर टाकलं, आणि मोठी उठून परत उभी राहिली. मी त्याला एवढंच म्हटलं की बोर्ड बदल बाप्पा, सांदा लिही, मी पेंटरचे पैसे देतो. भाचीची फी बहिणीनं त्याच दिवशी भरली. बोर्ड दिवाळीपर्यंत बदलतो म्हणालाय, मी जाऊन पाहणार आहे.